अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट आणि भेंड्यांचा नंदू

नंदू भेंडे म्हटलं की घरातली वडीलधारी मंडळी लगेच म्हणतात, "आत्माराम आणि आशा भेंड्यांचा मुलगा." जरा नाटकवेडी असतील तर पुलंचा १९७८ चा 'तीन पैशाचा तमाशा' आठवतात. पण हाच नंदू आधी मुंबईच्या रॉक बँड्समधून गायचा, हे सांगितलं की नुसतं "हो का?" येतं आणि विषय संपतो.

तो सॅव्हेजेस, व्हेल्व्हेट फॉग अशा बँड्समध्ये गायला. अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट त्यातलाच एक. बास गिटार वाजवणारा कीथ कांगा हा त्याचा कर्ताधर्ता. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आयातीवर कडक बंधनं, त्यामुळे चांगली गिटार, अँप्लिफायर मिळवणं म्हणजे दिव्यच. रेकॉर्ड कंपन्यांचा जीव सिनेसंगीतात. सिगारेट कंपनीने 'सिमला बीट' स्पर्धा भरवल्या आणि १९७० व १९७१ च्या तबकड्या काढल्या, म्हणून त्या काळच्या काही बँड्सचा आवाज तरी उरला.

हे लोक बरीचशी परक्यांची गाणी वाजवायचे, तेव्हा "नक्कल" हा शिक्का ठरलेला. आता आम्ही या पट्ट्यातली माणसं. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद ऐकतच वाढलो. हसायला ठीक आहे, पण फाळणीत सगळं मागे टाकून छावणीत आलेल्या माणसांनी परकी वस्तू उघडून, समजून घेऊन पुन्हा बनवली, तर ते कसब नाही का? गाण्याचंही तसंच. नोटेशन नाही, शिकवणारा नाही. तबकडी पुन:पुन्हा लावून कानाने उचलायचं.

अ‍ॅटॉमिक फॉरेस्टची एकच एलपी निघाली, 'ऑब्सेशन ७७'. त्यात डीप पर्पलचं 'मेरी लाँग'ही आहे. सगळीच तबकडी थोर आहे असा माझा दावा नाही. काही तुकडे हॉटेलातल्या पार्श्वसंगीतासारखे वाटतात. पण शीर्षकाची धून लागली की पाय आपोआप ताल धरतो. तोवर डिस्कोचं वारं सुटलं होतं, आणि एलपी मागे पडली.

पुढे परदेशातले संग्राहक जुन्या प्रती शोधत फिरू लागले. २०११ साली लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन कंपनीने ती पुन्हा काढली, सोबत बँडची अप्रकाशित ध्वनिमुद्रणंही दिली. आपल्याकडे कुणाला पत्ता नाही. इंग्रजी गाणं म्हणजे आपला इतिहास नव्हे, असं आपणच ठरवून टाकलंय बहुतेक.

असो. नंदू १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास झाला. एप्रिल २०१४ मध्ये तो गेला, आणि वर्ष उलटायच्या आत, फेब्रुवारी २०१५ मध्ये, आत्माराम भेंडेही गेले.

त्याचा आवाज मात्र तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय बरं का. 'डिस्को डान्सर' (१९८२) मधलं 'कृष्णा धरती पे आजा तू' आठवतंय? आमच्या बदलापूरला दहीहंडीला स्पीकरवर लागतं ना, तेच.