सॉलिसिटरचे दायित्व (चुकीच्या सल्ल्याबद्दल)

इंग्लंड व वेल्सच्या कायद्यानुसार, निष्काळजीपणे दिलेल्या किंवा द्यायला हवा असूनही न दिलेल्या सल्ल्यामुळे अशिलाचे नुकसान झाल्यास ते भरून देण्याची सॉलिसिटरवरील जबाबदारी. दावा हरला किंवा सल्ला चुकीचा ठरला एवढ्यावरून ती उद्भवत नाही. त्या कामात वाजवी कौशल्य असलेल्या सॉलिसिटरने घेतली असती तेवढी काळजी घेतली गेली नाही, हे अशिलाला सिद्ध करावे लागते.

आधार : ही जबाबदारी करार आणि अपकृत्य अशा दोन्ही कायद्यांखाली येते. ग्रीन घराण्यातील शेतीचे प्रकरण या बाबतीत प्रसिद्ध आहे. 1961 मध्ये वडिलांनी मुलाला शेत ठरावीक दराने विकत घेण्याचा हक्क लिहून दिला. त्याची नोंदणी करणे हे सॉलिसिटरचे काम होते. ते राहून गेले. 1967 मध्ये वडिलांनी सुमारे 40,000 पौंडांचे तेच शेत पत्नीला अवघ्या 500 पौंडांत विकले. नोंदणीअभावी मुलाचा हक्क तिच्यावर बंधनकारक ठरला नाही. ‘मिडलंड बँक ट्रस्ट कं. विरुद्ध हेट, स्टब्स अँड केम्प’ या खटल्यात न्या. ऑलिव्हर यांनी सॉलिसिटरना करार व अपकृत्य या दोन्ही नात्यांनी जबाबदार धरले. याचे महत्त्व मुदतीत आहे. दोन्हींची मुदत सहा वर्षांची असली, तरी कराराची करारभंगापासून आणि अपकृत्याची नुकसान झाल्यापासून मोजतात. अपकृत्याच्या दाव्यात सुप्त नुकसान उशिरा कळल्यास कळल्यापासून तीन वर्षे मिळतात. पण निष्काळजी कृत्यानंतर 15 वर्षांनी दावा चालत नाही.

त्रयस्थ : सॉलिसिटर सामान्यतः अशिलालाच बांधील असतो. मृत्युपत्र हा त्याचा मोठा अपवाद आहे. ‘व्हाइट विरुद्ध जोन्स’ (1995) खटल्यात दोन मुलींना प्रत्येकी 9,000 पौंड ठेवण्याची वडिलांची सूचना सॉलिसिटरकडे पडून राहिली आणि तेवढ्यात वडील वारले. अशील नसूनही मुलींना भरपाई मिळाली.

भरपाई : योग्य सल्ला मिळाला असता तर आपण वेगळे वागलो असतो, हे अशिलाला दाखवावे लागते. मुदत टळल्यामुळे दावाच बुडाला असेल, तर तो जिंकण्याची शक्यता अजमावून त्या प्रमाणात रक्कम ठरते. अशिलाचाही हलगर्जीपणा असेल तर रक्कम घटू शकते. न्यायालयात खटला चालवण्याबाबत वकिलांना असलेले संरक्षण हाउस ऑफ लॉर्ड्सने 2000 मध्ये काढून घेतले. सॉलिसिटर फर्मना व्यावसायिक दायित्वाचा विमा सक्तीचा आहे.

भारत : मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटर व ॲडव्होकेट यांचे काम वेगळे असण्याची इंग्रजी पद्धत दीर्घकाळ होती. विधिव्यवसायी (शुल्क) अधिनियम, 1926 च्या कलम 5 नुसार केवळ वकील असल्याच्या कारणावरून कोणी निष्काळजीपणाच्या दाव्यातून सुटत नाही. मात्र वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी दिला. त्यामुळे चुकीच्या सल्ल्याने नुकसान झालेल्या अशिलाला भरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे न जाता दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करता येते.