आधी पाणी पाहावे

ऐन दिवाळीत, चकली-करंजीच्या ताटापुढे, मी कालवा-तिसऱ्यांची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. विषय भाईंदरच्या पश्चिमेकडील आमच्या तारोडीसारख्या खाडीकाठच्या गावांच्या जिव्हाळ्याचा आहे.

तिसऱ्या घरी आणल्या की मिठाच्या पाण्यात ठेवाव्यात, म्हणजे त्या रेती टाकतात, हे आपल्याकडे सर्वांस ठाऊक. पण रेती गेली म्हणजे सारे गेले काय?

इंग्लंडात १० नोव्हेंबर १९०२ रोजी विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन येथे नगराध्यक्षांच्या मेजवान्या झडल्या. पानात एम्सवर्थ गावची कच्ची कालवे होती. पुढे पाहुण्यांत विषमज्वर पसरला. विंचेस्टरचे डीनही त्यात दगावले. कालव अन्नासाठी दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी गाळते, आणि पाण्यातले जंतू पोटात साठवते. एम्सवर्थचा धंदा बसला. वास्तविक दोष कालवांचा नव्हता. गावाचे सांडपाणी त्यांच्या तळ्यांवर सोडले होते. फॉस्टर नावाच्या व्यापाऱ्याने नगरसंस्थेवर दावा लावला आणि १९०६ साली तो अपिलातही जिंकला.

१९२४-२५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतही हेच घडले. कालवांतून आलेल्या विषमज्वराने सुमारे दीडशे माणसे गेली. तेव्हा शहाणपण सुचले, की शिंपला बाजारात तपासून भागत नाही; तो जिथे वाढतो ते पाणीच पारखले पाहिजे. आज युरोपात अशा पाण्याचे तीन वर्ग करतात. शंभर ग्रॅम मांसात मैल्यातले ‘ई. कोलाय’ जंतू साधारणतः २३० पर्यंत असले तर ‘अ’ वर्ग. ते शिंपले थेट खाण्यास मोकळे. ४६०० पर्यंत ‘ब’. ते आधी स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत शुद्ध करावे लागतात किंवा नेमून दिलेल्या रीतीने शिजवावे लागतात. ४६,००० पर्यंत ‘क’. त्यांना दोन महिने तरी चांगल्या पाण्यात नेऊन ठेवावे लागते. त्यापुढे काढायलाच बंदी.

ही प्रतवारी खाणाऱ्याच्या पोटासाठी, हे खरेच. पण मला तिच्यात दुसराही न्याय दिसतो. ओहोटीला चिखलात कमरेत वाकून तिसऱ्या वेचणारी बाई खाडीत शहराची घाण सोडीत नाही. तिच्या टोपलीला मात्र नाव पडते. पाण्याची मोजणी झाली, की बोट टोपलीकडून गटाराकडे वळते. शिंपला मुका खरा, पण साक्ष चोख देतो. ती ऐकणारे कान मात्र हवेत!