तळटीप ७ : इलिझारोव्हची चौकट आणि सोनोग्राफी

मजकुरात आलेली ‘पायाभोवतीची कडी’ म्हणजे सोव्हिएत शल्यविशारद गाव्रिइल इलिझारोव्ह (१९२१–१९९२) यांची चौकट. सायबेरियातल्या कुर्गान शहरात त्यांनी हाड लांबवण्याची ही पद्धत घडवली. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक जिंकलेले वालेरी ब्रुमेल मोटारसायकलच्या अपघातात पाय मोडल्यावर अखेर त्यांच्याकडेच बरे झाले.

हाड कापून काही दिवस थांबतात. मग चौकटीवरचे नट दिवसातून चारदा, दर वेळी पाव मिलिमीटर फिरवतात. म्हणजे कापलेल्या हाडातली फट दिवसाला १ मिलिमीटर रुंदावते!

फटीत धरणाऱ्या कोवळ्या हाडात सुरुवातीला कॅल्शियम कमी असतं, म्हणून ते एक्स-रेवर उमटत नाही. सोनोग्राफीत ते आधी दिसतं : काळसर फटीत आधी पांढरे ठिपके, मग हाडाच्या लांबीच्या दिशेनं लागलेल्या रेघा. मधेच पाण्याची गाठ झाली, तर ती काळ्या डागासारखी कळते आणि नट फिरवण्याचा वेग वेळीच कमी करता येतो. तपासणीत क्ष-किरण लागत नाहीत, हा लहान मुलांच्या दृष्टीनं फार मोठा दिलासा. नव्या हाडावर टणक कवच आलं की मात्र ध्वनिलहरी आत शिरत नाहीत. चौकट कधी काढायची, हे पुढे एक्स-रे पाहूनच ठरवतात.