प्रत्यर्पण व देहान्त शासन

एका राज्याच्या हद्दीत अपराध करून दुसऱ्या राज्याच्या आश्रयास गेलेल्या व्यक्तीस, न्यायचौकशीसाठी अथवा शिक्षेच्या अंमलबजावणीसाठी, पहिल्या राज्याच्या मागणीवरून रीतसर स्वाधीन करणे म्हणजे प्रत्यर्पण होय. परकीयास केवळ देशाबाहेर घालविणे म्हणजे हद्दपारी; ती प्रत्यर्पणाहून भिन्न आहे. प्रत्यर्पण सामान्यतः तहावर किंवा परस्परतेच्या तत्त्वावर आधारलेले असते. अपराध दोन्ही राज्यांच्या कायद्यांनी दंडनीय असावा, राजकीय अपराधाबद्दल कोणास स्वाधीन करू नये आणि ज्या अपराधांसाठी स्वाधीन केले त्यांवाचून इतर अपराधांची चौकशी करू नये, ही त्याची प्रमुख तत्त्वे होत. यांपैकी शेवटच्यास विशिष्टतेचे तत्त्व म्हणतात. देहान्त शासन रद्द केलेल्या राष्ट्रांची संख्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढली, तसे त्यांत आणखी एका अटीची भर पडली : स्वाधीन केलेल्या आरोपीस फाशी दिली जाणार नाही, अशी हमी मागणाऱ्या राज्याने द्यावी.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : ब्रिटिश अमदानीत प्रत्यर्पणाचा प्रश्न महाराष्ट्रात परदेशापुरता मर्यादित नव्हता. कोल्हापूर संस्थानातील पेठ वडगावच्या उत्तरेस वारणा नदी ओलांडली, की ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्याचा मुलूख लागे. नदीपार गेलेला आरोपी कायद्याने दुसऱ्या राज्यात गेलेला असे. त्याला परत मिळविण्यासाठी १९०३ च्या भारतीय प्रत्यर्पण अधिनियमानुसार संस्थानातील ब्रिटिश राजकीय प्रतिनिधीच्या अधिपत्राचा मार्ग होता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर ही सीमा संपुष्टात आली.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात महाराष्ट्राचे नाव आले, ते वि. दा. सावरकरांच्या प्रकरणामुळे. मार्च १९१० मध्ये लंडन येथे त्यांना अटक झाली व मोरिया बोटीने त्यांना हिंदुस्थानात पाठविण्यात आले. ८ जुलै रोजी मार्से बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेऊन फ्रान्सचा किनारा गाठला. परंतु फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून ब्रिटिश रक्षकांच्या हाती दिले. प्रत्यर्पणाची कोणतीही रीत पाळली गेली नाही, अशी तक्रार फ्रान्सने केली. हेग येथील स्थायी लवाद न्यायालयाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी दिलेल्या निवाड्यात अनियमितता मान्य केली. तथापि सावरकरांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असे ठरविले. त्यांच्यावर राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा, म्हणजे देहान्त शासनास पात्र असा आरोप होता. त्यांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा मात्र निवाड्यापूर्वीच झालेली होती. आरोपी कोणत्या मार्गाने हाती आला, याचा परिणाम चौकशीवर व्हावा काय, हा प्रश्न या निवाड्याने पुढील काळासाठी मागे ठेवला.

कायद्यातील तरतुदी : स्वातंत्र्योत्तर काळात १९६२ चा प्रत्यर्पण अधिनियम संमत झाला. देहान्त शासनाचा प्रश्न त्या वेळी तीव्र नव्हता. पुढे सोरिंग प्रकरणात (१९८९) यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निर्णय दिला, की फाशीच्या प्रतीक्षेत दीर्घकाळ राहावे लागण्याचा धोका असताना आरोपीस अमेरिकेच्या स्वाधीन करणे हे अमानुष वागणुकीच्या मनाईचा भंग करणारे ठरेल. भारतीय अधिनियमात १९९३ मध्ये दुरुस्ती होऊन ३४-ग हे कलम समाविष्ट झाले. त्यानुसार, देहान्त शासनास पात्र असलेल्या अपराधासाठी आरोपीस स्वाधीन करणाऱ्या देशाच्या कायद्यात त्या अपराधास ती शिक्षा नसेल, तर भारतात त्याला फक्त आजन्म कारावासाची शिक्षा देता येते. या कलमामुळे देहान्त शासनाचा वाद पारित कायद्यात शिरला. मात्र त्याची कसोटी लागली ती मुंबईतील एका खटल्यात.

मुंबई बॉम्बस्फोट खटला : १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या व सातशेहून अधिक जखमी झाल्या. टाडा या नावाने परिचित असलेल्या १९८७ च्या अधिनियमाखाली विशेष न्यायालयात खटला चालला आणि २००६–०७ मध्ये शंभर आरोपी दोषी ठरले. फरारी आरोपींपैकी अबू सालेम यास १८ सप्टेंबर २००२ रोजी लिस्बन येथे अटक झाली. पोर्तुगालशी भारताचा प्रत्यर्पण तह नव्हता. म्हणून बॉम्बस्फोटांच्या दहशतवादी कृत्यांना आळा घालण्याविषयीच्या १९९७ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेण्यात आला. पोर्तुगालने सामान्य गुन्ह्यांसाठी देहान्त शासन १८६७ मध्येच रद्द केले होते व तेथील दंडसंहितेत कारावासाची कमाल मर्यादा पंचवीस वर्षांची होती. त्यामुळे तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी १७ डिसेंबर २००२ रोजी लेखी हमी दिली, की सालेमला फाशी अथवा पंचवीस वर्षांहून अधिक कारावास भोगावा लागणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारतात आणला गेला.

या हमीतून दोन वाद उद्भवले. पहिला विशिष्टतेच्या तत्त्वाचा होता. प्रत्यर्पणाच्या आदेशात नसलेले आरोप सालेमवर ठेवले गेले, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ग्राह्य धरले. परंतु लिस्बनच्या उच्च न्यायालयाने २०११ मध्ये हा अटींचा भंग ठरविला. अखेर २०१३ मध्ये काही आरोप मागे घेण्याची अनुमती भारतीय न्यायालयाने दिली. दुसरा वाद शिक्षेच्या मर्यादेचा होता. विशेष न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१७ रोजी सालेमला आजन्म कारावास दिला. शासनाने दिलेले वचन न्यायालयास बांधून ठेवत नाही, हे मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केले, की ते वचन शासनावर बंधनकारक आहे. पंचवीस वर्षे पूर्ण होताच केंद्र शासनाने राष्ट्रपतींना संविधानाच्या ७२ व्या अनुच्छेदान्वये सल्ला देणे आवश्यक आहे. ही मुदत २०३० मध्ये पूर्ण होते.

शिक्षांतील विषमता : एकाच कटातील आरोपींचे भवितव्य यामुळे निरनिराळे झाले. याकूब मेमन यास ३० जुलै २०१५ रोजी नागपूर कारागृहात फाशी देण्यात आली. तत्पूर्वी त्याच दिवशी पहाटे सर्वोच्च न्यायालयात अखेरची सुनावणी झाली होती. २०१३ च्या निर्णयात न्यायालयाने कटाचे सूत्रधार व त्यांच्या हातची माणसे यांत तिरंदाज व बाण असा भेद करून दहा जणांची फाशी आजन्म कारावासात परिवर्तित केली होती. अबू धाबीहून २०१० मध्ये भारताच्या ताब्यात आलेल्या ताहिर मर्चंट यास २०१७ मध्ये देहान्त शासन ठोठावले गेले. कारण त्याच्या बाबतीत तशी हमी आड येत नव्हती. शिक्षा अमलात येण्यापूर्वीच २०१८ मध्ये तो मरण पावला. अपराधातील वाट्याबरोबरच आरोपी कोणत्या देशात सापडला, हेही शिक्षेचे एक गमक ठरले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. घटनास्थळी पकडलेल्या अजमल कसाब यास २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात फाशी झाली. हल्ल्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने अमेरिकेत २०१० मध्ये गुन्हा कबूल केला व त्या बदल्यात देहान्त शासन व भारताकडे प्रत्यर्पण या दोहोंतून सूट मिळविली. २०१६ मध्ये त्याची साक्ष मुंबईच्या न्यायालयाने दूरदृश्य यंत्रणेद्वारा नोंदविली. त्याचा सहकारी तहव्वूर राणा मात्र दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या स्वाधीन झाला.

वादाचे स्वरूप : बचन सिंग खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने देहान्त शासन वैध ठरवून ते दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणांपुरते मर्यादित केले. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये, दहशतवादी अपराध व देशाविरुद्ध युद्ध वगळता, ही शिक्षा रद्द करण्याची शिफारस केली. २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही मृत्यूस कारण झालेल्या दहशतवादी कृत्यास ती कायम आहे. समर्थकांच्या मते सामूहिक हत्येस दुसरी कोणतीही शिक्षा अपुरी पडते आणि परकीय कायद्याने भारतीय न्यायालयाचे हात बांधावेत, हे सार्वभौमत्वास बाधक आहे. विरोधकांच्या मते आत्मघातास सिद्ध झालेल्यास फाशीचा धाक नसतो, चुकीचा निर्णय नंतर सुधारता येत नाही आणि फाशीच्या भीतीने अन्य देश आरोपी देण्यास नाकारतात.

प्रत्यर्पणाच्या दृष्टीने यांतील शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. हमी न देता फाशीचा आग्रह धरला असता, तर लिस्बनहून सालेम येण्याची शक्यता नव्हती व त्याच्यावरील आरोपांची मुंबईत चौकशीही झाली नसती. दिलेला शब्द मोडला, तर पुढील मागणीच्या वेळी भारताच्या हमीस किंमत राहत नाही. पीडितांच्या कुटुंबीयांना मात्र ही विषमता अन्यायाची वाटणे स्वाभाविक आहे. कारण हमीचा लाभ आरोपीला मिळतो आणि ती देताना त्यांचे मत विचारात घेण्याची कोणतीही तरतूद प्रत्यर्पण अधिनियमात नाही.