सोपाऱ्याच्या पेटीची साक्ष

गोवंडीची भूमि आतां घरांनीं दाटून गेली आहे. तींत काय पुरलेलें आहे हें खणून पाहण्यास जागा दुर्मिळ. जमिनींतील वस्तूंवरून पंडित अर्थ कसा काढतात हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं वसईजवळच्या सोपाऱ्याचें उदाहरण घ्यावें.

तेथील एका टेकाडास लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ च्या एप्रिलांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें खणविलें, तों विटांच्या स्तूपाच्या पोटांत दगडी पेटी लागली. तींत तांब्याचा करंडा व त्याभोंवतीं बुद्धाच्या आठ कांस्यमूर्ति होत्या. करंड्यांत चांदीचा, त्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा आणि सर्वांच्या आंत सोन्याचा करंडा होता. सोन्यांत काय होतें? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे! हे बुद्धाच्या भिक्षापात्राचे असें मानून ठेवले असावेत, असा भगवानलालांनीं तर्क केला. ते खरोखर त्या पात्राचे कीं नव्हे, हें पेटी सांगत नाहीं. ठेवणाऱ्यांची श्रद्धा मात्र ती स्पष्ट सांगते.

पेटींत यज्ञश्री सातकर्णीचें चांदीचें नाणेंही निघालें. नाणें हातोहात फिरून झिजतें. हें झिजलेलें नव्हतें, म्हणजे पाडल्यावर लौकरच पेटींत पडलें. हा राजा दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांतला. येथवर सर्व सरळ. पण मूर्तींची घडण आठव्या-नवव्या शतकाची! तेव्हां मध्यंतरीं कोणीतरी पेटी उघडून, मूर्ति ठेवून, ती पुन्हां मिटली असली पाहिजे. नुसत्या नाण्यावर किंवा नुसत्या मूर्तींवर भिस्त ठेवणारा येथें हटकून फसला असता.

सोपाऱ्याशीं आपणां ख्रिस्ती लोकांचाही जुना संबंध आहे. १३२१ सालीं ठाण्यास चार फ्रान्सिस्कन रक्तसाक्षी झाले. फादर जॉर्डन यांनीं त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले, व पुढें फादर ओदोरिक यांनीं त्यांच्या अस्थि काढून चीन देशीं नेल्या, असें ओदोरिकांच्या प्रवासवृत्तांत आहे. स्तूपांत वस्तु आहेत, पण त्या ठेवणाऱ्यांचें नांव सांगणारा लेख नाहीं. येथें लेख आहे, पण दाखवावयास वस्तु नाहीं. उद्यां सोपाऱ्यास एखादें रिकामें थडगें निघालें, तर केवळ खणणारा म्हणेल, हें चोरांनीं फोडलें. ओदोरिकांचा वृत्तांत वाचलेला मनुष्य तसें म्हणण्यापूर्वीं थांबेल, आणि हाडें गेलीं तीं घाईनें ओढून नेलीं कीं जपून उचललीं, हें आधीं मातींत पाहील.

स्तूपांतील ते करंडे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनें जतन केले आहेत.