शाप मांजराला, सूचना माणसाला

१/ काळ साधारण इ.स. १४२०. नेदरलँड्समधील डेव्हेंटर नगरातील एका लेखनिकाने रात्री हस्तलिखित उघडेच ठेवले. सकाळी पाहतो, तर पानावर मांजराने लघवी केलेली!

२/ त्याने पानाचा तो भाग कोरा सोडला, डागाकडे बोट दाखवणारे हात रेखाटले, मांजराचे चित्र काढले आणि लॅटिन भाषेत त्या मांजराला शाप दिला. शिवाय, मांजरे येतील तेथे रात्री ग्रंथ उघडे ठेवू नयेत, अशी सूचनाही लिहिली. हे हस्तलिखित जर्मनीतील कोलोन शहराच्या ऐतिहासिक अभिलेखागाराच्या संग्रहातील आहे.

३/ परंतु दोष मांजराचा होता काय? पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर, फेलिस लिबिका. भुसभुशीत जमीन उकरून मूत्र झाकणे, ही त्याच कुळाची सवय. सायप्रसमध्ये सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. एवढ्या दीर्घ सहवासात ही गरज बहुतांशी अंगणातच भागत असे.

४/ थंड प्रदेशांत घरात वाळूची किंवा राखेची पेटी ठेवत. जानेवारी १९४७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात एका बाईंची वाळू गोठली. शेजारच्या एडवर्ड लो यांनी त्यांना दाणेदार शोषक माती दिली. ही माती आपल्या परिचयाच्या मुलतानी मातीच्या जातकुळीतली! लो यांनी ‘किटी लिटर’ या नावाने ती विकायला घेतली. पुढे १९८० च्या दशकात ओलाव्याने गोळा होणारी बेंटोनाइट माती आली.

५/ परिणाम मोठा झाला. मांजर आयुष्यभर घरातच राहू शकले. मात्र जागा निवडण्याचे त्याचे स्वातंत्र्य गेले. ती जागा आता माणूस ठरवू लागला. ‘लिटर बॉक्सच्या बाहेर’ हा गुन्हा तेव्हापासूनचा.

६/ म्हणून मांजर बाहेर लघवी करू लागले, तर तो सूड समजू नये. पेटी अस्वच्छ असेल, लिटरला उग्र वास असेल, घरात नवे मांजर आले असेल. नसबंदी न झालेला बोका शेपटी उभारून भिंतीवर फवारा मारतो, ती हद्दीची खूण होय. मूत्राशयाचा दाह, खडे, मधुमेह हीदेखील कारणे असतात.

७/ प्रथम पशुवैद्याकडे न्यावे. बोका कुंथत असेल आणि थेंबही येत नसेल, तर तासाभराचाही विलंब करू नये. मूत्रमार्ग तुंबल्याने एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो. पेटी रोज साफ करावी, निवांत जागी ठेवावी. मांजरांच्या संख्येपेक्षा एक पेटी अधिक असावी. डाग अमोनियाने पुसू नये, कारण त्या वासाने मांजर पुन्हा तेथेच येऊ शकते. मारणे-ओरडणे तर नकोच. भीतीने सवय बळावते.

८/ त्या लेखनिकाचा शाप सोडून द्यावा. सूचना मात्र सहाशे वर्षांनंतरही पाळण्याजोगी आहे. त्याने बदलायला सांगितली ती माणसाची व्यवस्था होती.