लिहिलेला राग आणि केशव साठे यांचा तबला

कामरेज हा जुन्या बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला मुलूख. तेव्हा आपल्या घरांना मौलाबक्ष हे नाव परके नसावे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली त्यांनी बडोद्यास गायनशाळा काढली आणि चिजा स्वरलिपीत उतरवल्या. लिहिल्याने राग टिकतो की गोठतो, हा वाद आपल्याकडे तेव्हापासून चालत आला आहे. १९६५ साली लंडनमध्ये एका ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने तो वेगळ्याच मंडळींपुढे उभा राहिला, आणि त्या मंडळींत तबल्यावर होते मुंबईचे केशव साठे.

‘इंडो-जॅझ स्वीट’ ही ती ध्वनिमुद्रिका. प्रकाशित झाली १९६६ मध्ये. रचना कलकत्त्यात जन्मलेले व्हायोलिनवादक जॉन मेयर यांच्या, सॅक्सोफोन जमैकाचे जो हॅरियट यांचा. पाच वादक जॅझचे, पाच भारतीय बाजूचे. या दुसऱ्या पाचांत स्वतः मेयर आणि एक इंग्रज बासरीवादक धरलेले होते. सतारीवर दिवाण मोतिहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर. आडनाव वाचताच गोव्यातले पैंगीण आठवते.

हॅरियट हे काही सामान्य साथीदार नव्हेत. १९६० साली ‘फ्री फॉर्म’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी ठरावीक स्वरसंगती आणि मात्रांची चौकट झुगारून दिली होती. असा बंडखोर मेयर यांच्या कागदासमोर बसला! मेघ आणि गौडसारंग या रागांचे स्वर मेयर यांनी काटेकोर आखून दिले होते. पावसाळ्यातला मेघ आणि दुपारचा गौडसारंग एकाच तबकडीवर, घड्याळ लावून. येथे एक उफराटी गोष्ट घडली, असे मला वाटते. आपले संगीत मुळात जागच्या जागी सुचणारे. पण या तबकडीत ती मोकळीक अधिक करून सॅक्सोफोनला मिळाली आणि भारतीय बाजू चौकट सांभाळत राहिली. समीक्षकांनी मेयर-हॅरियट यांची नावे घेतली. साठ्यांचे नाव वादकांच्या यादीत राहिले. तरी ऐकताना कान तबल्याकडेच जातो, कारण दोन्ही ताफ्यांना एका लयीत धरणारा हात तोच.

पुढे १९६७ साली मोतिहार आणि साठे जर्मनीत स्वित्झर्लंडच्या पियानोवादक इरेन श्वाइत्सर यांच्याबरोबर ‘जॅझ मीट्स इंडिया’मध्ये वाजले. तेथे तबला अधिक मोकळा बोलतो. हॅरियट १९७३ मध्ये, अवघ्या ४४ व्या वर्षी गेले. मेयर यांनी १९९० च्या दशकात बर्मिंगहॅमला तो ताफा नव्या वादकांसह पुन्हा उभा केला.